धातूच्या शेजारचे हाड

गुडघा बदललेला माणूस आपल्या ओळखीत हमखास सापडतो. शेजारच्या काकू, ऑफिसातल्या कुणाची आई, व्याख्यानाला कडेची खुर्ची धरून बसणारे आजोबा. खांदा बदललेला माणूस मात्र शोधावा लागतो, आणि सापडला तरी सदऱ्याच्या आत काय आहे ते त्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. ऑपरेशन झाले, टाके निघाले, व्यायाम करून हात डोक्यापर्यंत जाऊ लागला, केस स्वतःचे स्वतः विंचरता येऊ लागले, की गोष्ट संपली असे रुग्णाला वाटते, घरच्यांना वाटते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ डॉक्टरांनाही वाटते. हे पुस्तक तिथून पुढे सुरू होते. खांद्यात बसवलेल्या धातूच्या आणि प्लास्टिकच्या भोवतीचे जिवंत हाड पाच, दहा, पंधरा वर्षांत कसे बदलते, त्यातले कोणते बदल नुसते पाहून सोडून द्यावेत आणि कोणत्यांची वेळीच दखल घ्यावी, हा त्याचा विषय. प्रस्तावना लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा मी लेखकाला आधी विचारले, हे वाचणार कोण? ज्याचा खांदा बदलला आहे तो, त्याच्या घरची माणसे, आणि तालुक्याच्या गावी त्याचा एक्स-रे पाहणारा डॉक्टर, असे उत्तर आले. या तिघांना समोर धरूनच पुढचे लिहितो आहे. हाडवैद्यक शिकणाऱ्यांना यातला बराच भाग माहीत असेल. त्यांनी कंटाळा आला तर पाने उलटावीत.

१८९२ साली बर्लिनचे शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हाडावर जसा भार पडतो तसे ते स्वतःला घडवते, हे त्याचे सार. भार वाढला तिथे भर पडते, भार उतरला तिथे हाड विरळ होत जाते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ज्यूल-एमिल पेआं यांनी क्षयाने खांदा खाल्लेल्या ३७ वर्षांच्या एका बेकरच्या दंडात कृत्रिम सांधा बसवला. प्लॅटिनमचा दांडा आणि पॅराफिनमध्ये उकळून कडक केलेल्या रबराचा गोळा, असा तो सांधा एका दंतवैद्याने तयार करून दिला होता. रुग्णाचा हात कापायची वेळ आली होती, तो वाचला. पण क्षयाचा संसर्ग पुन्हा पुन्हा उसळत राहिला आणि सुमारे दोन वर्षांनी सांधा काढून टाकावा लागला. त्या वेळेपर्यंत त्याच्याभोवती नव्या हाडाचे कवच तयार झाले होते. पेआंच्या शस्त्रक्रियेची कथा सांगताना या कवचाचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते ती ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. खांद्यात परकी वस्तू बसवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नातच, वोल्फ जे कागदावर मांडत होते ते हाड प्रत्यक्षात करून दाखवत होते. तो सांधा आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

हाड हा शब्द ऐकला की आपल्यासमोर सांगाडा उभा राहतो, म्हणजे मेलेले हाड. जिवंत हाड सतत मोडत आणि बांधत असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातले साधारण १० टक्के हाड दर वर्षी नव्याने घडते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट मागोमाग नवे भरतात. कुठे खायचे आणि कुठे भरायचे याचा हिशोब बऱ्याच अंशी भारावरून ठरतो. अशा चालत्या कामात आपण एक धातूचा दांडा ठोकतो आणि अपेक्षा करतो की आजूबाजूला काही बदलू नये.

दंडाच्या हाडापासून सुरुवात करतो, कारण तिथला बदल समजायला सोपा आहे. हाडाच्या टणक कवचाचा ताठपणा १५ ते २० गिगापास्कलच्या घरात असतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर. ताठ वस्तू आणि लवचिक वस्तू शेजारी शेजारी बांधल्या आणि वरून भार दिला, तर जास्तीचा भार ताठ वस्तू उचलते. दांड्याने, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्टेमने, वरचा भार घेतला आणि थेट खाली टोकाशी नेऊन सोडला. मधल्या हाडाला काम उरले नाही. काम नाही म्हटल्यावर खाणाऱ्या पेशी पुढे आणि भरणाऱ्या मागे, असे सुरू होते.

हे एक्स-रेवर कसे दिसते ते नीट पाहण्यासारखे आहे. एकाच खांद्याच्या तीन फिल्म शेजारी लावाव्यात: ऑपरेशननंतरच्या सहाव्या आठवड्याची, दोन वर्षांची आणि सात-आठ वर्षांची. पहिलीत दंडाच्या हाडाची आतली, छातीकडची वरची कड धातूच्या कॉलरखाली स्पष्ट, धारदार दिसते. दुसरीत ती कड गोलसर झालेली असते. तिसरीत कधी कधी ती नसतेच; धातू उघडा पडलेला दिसतो. बाहेरच्या अंगाला, जिथे हात उचलणारे स्नायू चिकटतात, तिथला उंचवटा पहिल्या फिल्मवर पांढरा असतो, तिसऱ्या फिल्मवर करडा. हाडाची बाहेरची भिंत निम्म्यावर आलेली असते. मग नजर खाली न्यावी. स्टेमच्या टोकाशी उलट चित्र दिसते. तिथे हाड दाट होते, भिंती जाड होतात, टोकाखाली कधी कधी हाडाची आडवी पट्टी तयार होते आणि धातूपासून भिंतीपर्यंत पांढरे पूल पडतात. वरचे हाड उपाशी आणि खालचे सुस्थितीत, असे हे एकाच हाडाचे दोन टोकांचे नशीब. स्टेम जितका जाड आणि हाडाची पोकळी जितकी गच्च भरलेली, तितका हा फरक ठळक. पूर्वी आम्हाला शिकवत की बसेल तेवढा मोठा स्टेम घाला, हलता कामा नये. आज तसे कोणी शिकवत नाही.

याला त्रास म्हणायचे का? रुग्णाला विचारले तर तो सांगतो, हात छान चालतो. आणि ते खरे असते. वरचे हाड विरळ झाले म्हणून हात दुखतो असे सहसा होत नाही. प्रश्न पुढे येतो, तो दोन प्रसंगी. एक, माणूस पडला तर. बाथरूममध्ये पाय घसरून आडवे झालेल्या सत्तरीच्या बाईंच्या दंडाचे हाड दाट आणि विरळ यांच्या सीमेवर, स्टेमच्या टोकाजवळ मोडते, आणि आत धातू असल्यामुळे ते जोडणे जिकिरीचे असते. दोन, सांधा पुन्हा बदलायची वेळ आली तर. तेव्हा नवा सांधा धरून ठेवायला वर हाडच उरलेले नसते. म्हणून युरोपात २००४ च्या सुमारास बिनस्टेमचे सांधे आले, ज्यात हाडाच्या वरच्या टोकातच छोटा धातूचा पाया रोवतात. अमेरिकेत त्यांना परवानगी मिळाली २०१५ मध्ये. आखूड स्टेमही आले. भारवाटप त्यांनी सुधारले यात शंका नाही, पण वोल्फपासून सुटका त्यांनाही नाही. लेखकाने या प्रकरणात उत्पादकांच्या उत्साहाला थोडी मोकळीक दिली आहे असे मला वाटले. बिनस्टेमच्या सांध्यांचा वीस वर्षांचा पाठपुरावा आता कुठे हाती येऊ लागला आहे. जुन्या स्टेमचा पन्नास वर्षांचा आहे. तुलना करताना हे अंतर विसरू नये.

आता वाटीकडे. खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात, पण उखळ फक्त खुब्याला शोभते. खांद्यात खवाट्याच्या हाडाच्या टोकाशी जी वाटी आहे ती बशीइतकी उथळ, आणि तिच्यावर दंडाचा गोळा म्हणजे बशीवर ठेवलेले लिंबू. ते घरंगळू नये म्हणून चारी बाजूंनी स्नायू ओढून धरतात. वाटीचे हाड लहान, पातळ, आणि मागे लगेच खवाट्याची चपटी पाटी. खांद्याच्या सांधेबदलात जे काही बिघडते त्याचा मोठा वाटा या एवढ्याशा जागेवर घडतो. दक्षिण भारतातल्या कोरड्या अस्थींच्या मोजणीत या वाटीची रुंदी सरासरी २३ मिलिमीटरच्या आसपास भरली आहे. बाजारात मिळणाऱ्या उलट्या सांध्यांच्या (त्यांच्याविषयी पुढे येईलच) कित्येक बेसप्लेट, म्हणजे वाटीवर स्क्रूने बसवायच्या धातूच्या चकत्या, २५ ते २९ मिलिमीटर व्यासाच्या आहेत. युरोप-अमेरिकेतल्या हाडांवर मापे घेऊन घडवलेली वस्तू आपण सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या पाच फुटी आजींच्या खांद्यात बसवतो, तेव्हा स्क्रू नेमका कुठे जाणार याचा विचार ऑपरेशनच्या आधी सीटी स्कॅनवर करायला हवा. या पुस्तकातले मापांचे प्रकरण छोटे आहे; ते वगळून पुढे जाऊ नये.

न्यूयॉर्कचे चार्ल्स नीअर यांनी १९५० च्या दशकात फुटलेल्या दंडाच्या गोळ्याच्या जागी धातूचा गोळा बसवायला सुरुवात केली. तेव्हा वाटी मूळचीच ठेवत. धातू आणि हाड यांची गाठ पडली की वर्षानुवर्षांत वाटी झिजते, आत आत जाते. १९७० च्या दशकात पॉलिइथिलीनची वाटी आली, ती सिमेंटने चिकटवली जाऊ लागली, आणि झिजेचा प्रश्न प्लास्टिकवर गेला. गोळा वाटीच्या मध्यावर न राहता वरच्या कडेवर दाबू लागला, की समोरची कड उचलली जाते. हात वर-खाली होताना वाटी डुलत राहते. १९८८ साली अमेरिकन शल्यचिकित्सकांनी या डुलण्याला रॉकिंग हॉर्स असे नाव दिले, ते आजवर टिकले आहे. रोटेटर कफचे, म्हणजे गोळा वाटीवर ओढून धरणारे, स्नायू फाटलेले असले की हे होण्याची शक्यता फार.

वाटीभोवती एक्स-रेवर जी काळी रेघ दिसते तिने रुग्णांची जितकी झोप उडवली आहे तितकी दुसऱ्या कशाने नाही. सिमेंट पांढरे, हाड पांढरे, मधे काळी रेघ, आणि रिपोर्टवर छापलेले असते 'लूजनिंगची शक्यता'. माणूस घाबरून शंभर मैलांवरून येतो. फ्रान्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४० खांद्यांपैकी काहींत सिमेंटची पॉलिइथिलीन वाटी बसवली, काहींत सिमेंटशिवाय धातूच्या पाठीची. काळी रेघ दिसली पहिल्या गटात ८५ टक्के खांद्यांत, दुसऱ्यात फक्त २५ टक्के. कोणीही म्हणेल, धातूची वाटी सरस. पण सैल किती झाल्या? धातूच्या पाठीच्या २० टक्के, पॉलिइथिलीनची एकही नाही. सिमेंटभोवतीच्या रेघा बऱ्याचदा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासूनच असतात, बारीक असतात, आणि वाढत नाहीत. धातूमागच्या रेघा कमी वेळा दिसल्या, पण दिसल्या त्या पसरत गेल्या. सिॲटलच्या एका गटाने २०१३ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला तो असा: लक्षण नसलेल्या रेघा वर्षाला ७.३ टक्के, त्रास देणारे सैलपण १.२ टक्के, आणि पुन्हा ऑपरेशन ०.८ टक्के. रेघ आणि ऑपरेशन यांच्यामध्ये एवढे अंतर आहे. एका फिल्मवरची रेघ फारसे काही सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी ती एक मिलिमीटर होती आणि आज अडीच आहे, किंवा कालपर्यंत एका खुंटीभोवती होती आणि आज वाटीच्या मागे सगळीकडे फिरली आहे, तर ती पुष्कळ सांगते.

प्लास्टिकचे कण हाड का खातात, ही गोष्ट खांद्याच्या आधी खुब्यात उलगडली, आणि ती उलगडण्यात एका माणसाची मांडी कामी आली. इंग्लंडमध्ये राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. सुमारे ३०० रुग्ण झाले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले, भोवती पांढरट गोळे जमू लागले, हाड पोखरले जाऊ लागले. ज्यांना आपणच वाट्या बसवल्या त्यांच्या त्या एकेक करून काढायचे काम चार्न्लींनी स्वतः केले. त्यांनी टेफ्लॉनचे आणि नव्या पॉलिइथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले आणि वाट पाहिली. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, पॉलिइथिलीनने फारसा त्रास दिला नाही. १९६२ पासून त्यांनी पॉलिइथिलीन वापरले. पुढे कळले की पॉलिइथिलीनही निर्दोष नाही, ते फक्त फार सावकाश झिजते. झिजेचे कण एका मायक्रॉनच्या आसपासचे असतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या दाहाचे संदेश सोडत राहतात, आणि तो संदेश ऐकून हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. काही वर्षे हा दोष सिमेंटचा मानला जात होता. आता पॉलिइथिलीनचे रेणू आडवे-उभे जखडून ते अधिक टिकाऊ करतात, त्याने झीज कमी झाली आहे. थांबलेली नाही.

आता त्या खाचेकडे येतो जिच्यासाठी खरे तर मी हे पुस्तक वाचायला घेतले.

रोटेटर कफ कायमचा गेलेला असेल तर साधा कृत्रिम सांधा चालत नाही. मग गोळा आणि वाटी यांची अदलाबदल करायची, गोळा खवाट्यावर आणि वाटी दंडावर, ही कल्पना १९७० च्या दशकात अनेकांनी करून पाहिली. बहुतेक अपयशी ठरले. गोळा हाडापासून दूर बाहेर आलेला असे, त्यामुळे हात उचलताना तो स्क्रूंना मुळापासून उपटू पाही. दिजोंच्या पॉल ग्रामों यांनी १९८५ साली सांध्याचा फिरण्याचा मध्यच आत, वाटीच्या हाडाच्या पृष्ठभागावर आणला, आणि दंड थोडा खाली ओढला, म्हणजे वरचा डेल्टॉइड स्नायू ताणला जाऊन एकटाच हात उचलू शकेल. स्क्रू उपटले जाण्याचा प्रश्न जवळपास मिटला. ज्यांचा हात खांद्याच्या वर जातच नव्हता, ते हात वर करू लागले. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस परवानगी मिळाली, आणि आज जगभर बसवले जाणारे कृत्रिम खांदे मोजले तर हा उलटा सांधा आघाडीवर दिसतो. आपल्याकडेही वयस्क बायकांच्या फुटलेल्या खांद्यासाठी तो वाढत चालला आहे.

पण मध्य आत आणला म्हणजे दंडही आत आला. हात खाली सोडून अंगाशी धरला की दंडावरच्या प्लास्टिक वाटीची आतली कड खवाट्याच्या खांबाला, वाटीच्या अगदी खाली, घासते. दिवसातून किती वेळा आपण हात खाली सोडतो याचा विचार करा. घासून हाडात खाच पडते. एक्स-रेवर ती काही महिन्यांत दिसू लागते. नांसीच्या शल्यचिकित्सकांनी तिच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्या नेरो-सिरवो या नावाने प्रसिद्ध आहेत. पहिलीत खाच खांबापुरती. दुसरीत ती खालच्या स्क्रूला टेकते. तिसरीत स्क्रू ओलांडते. चौथीत बेसप्लेटखाली मधल्या खुंटीकडे शिरते. पहिल्या दोन पायऱ्या हे निव्वळ घासणे. पुढच्या पायऱ्यांत प्लास्टिकचे कण आणि त्यांनी चेतवलेल्या पेशी यांचाही हात असतो, म्हणूनच वाटीची कड आणि हाड प्रत्यक्ष टेकत नाहीत तिथेही हाड विरघळलेले दिसते. ग्रामोंच्या मूळ पद्धतीच्या दीर्घ पाठपुराव्यांत निम्म्याहून अधिक खांद्यांत अशी खाच आढळली आहे. आणि तरीही, त्याच मूळ पद्धतीच्या फ्रेंच रुग्णांच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात ९३ टक्के सांधे जागच्या जागी होते.

या दोन आकड्यांवरून गेली वीस वर्षे वाद चालू आहे. खाच म्हणजे रचनेचा दोष, तो खपवून घेऊ नये, असे एक मत. खाच दिसते, त्रास देत नाही, एवढे मनावर घेऊ नका, असे दुसरे. गोळा वाटीच्या खालच्या काठाशी किंवा किंचित खाली लटकेल असा बसवला तर खाच कमी पडते, हे आता सर्वमान्य आहे. नीसच्या बुआलो यांनी रुग्णाच्याच काढलेल्या गोळ्यातल्या हाडाची चकती बेसप्लेटमागे ठेवून सांधा बाहेर आणण्याची युक्ती काढली. ग्रामोंच्या स्टेमचा १५५ अंशांचा कोन बऱ्याच कंपन्यांनी १४५ आणि १३५ वर आणला. माझे मत मी लपवत नाही: ग्रामोंनी केलेला सौदा योग्य होता. स्क्रू उपटून सांधा हातात येण्यापेक्षा हळूहळू पडणारी खाच परवडली. पण सौदा होता हे रुग्णाला सांगितले पाहिजे, आणि तिसऱ्या पायरीच्या पुढची खाच 'नॉर्मल' म्हणून लिहून देणे बंद झाले पाहिजे. बाहेर आणलेल्या सांध्यांनी खाच कमी केली, ते बरे झाले. मात्र उलट्या सांध्यात ताणलेला डेल्टॉइड ज्या हाडावर लटकतो, त्या खांद्यावरच्या छपरासारख्या अक्रोमियनला काही रुग्णांत बारीक तडा जातो. ठिसूळ हाडांच्या बायकांत विशेष. ऑपरेशनला काही महिने झाल्यावर खांद्याच्या वरच्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असे, अचानक दुखू लागले तर हे लक्षात घ्यावे. साध्या एक्स-रेवर तो तडा चुकतो.

हाडाच्या बदलांना आपल्या राहणीचेही कारण मिळते. जमिनीवर बसणारी, हाताला रेटा देऊन उठणारी माणसे आपण. उलटा सांधा बसवलेल्याने हात पाठीमागे टेकवून अंग उचलणे हा सांधा निखळण्याचा ठरलेला मार्ग आहे, आणि हात मागे नेल्यावर प्लास्टिकची कड खवाट्याला मागच्या बाजूने घासते ते वेगळेच. लेखकाने याविषयी अर्धे पान लिहिले आहे. मला ते पाच पाने हवे होते, चित्रांसकट. आपला रुग्ण हे वाचणार आहे. त्याला कोन आणि ऑफसेट यांपेक्षा चटईवरून कसे उठायचे ते जास्त उपयोगाचे.

एका गोष्टीवर मात्र लेखकाने भरपूर लिहिले, त्याबद्दल मी त्याचे आभार मानतो. खांद्यात एक जंतू असतो, क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, मुरमांशी संबंधित म्हणून ओळखला जाणारा. तो त्वचेच्या तैलग्रंथींत राहतो, खांद्याच्या भागात भरपूर, आणि वरून लावलेले जंतुनाशक तिथवर पोचत नाही. सांध्यात शिरला तर ताप येत नाही, पू येत नाही, रक्ताचे रिपोर्ट बहुधा ठीक असतात. येतो तो कडकपणा, थोडे दुखणे, आणि एक्स-रेवर स्टेमभोवती हाड हळूहळू विरळ होणे. अशा वेळी 'झीज झाली' असे म्हणून नवा सांधा बसवला तर तोही सैल होतो. पुन्हा ऑपरेशन करताना अनेक जागांहून ऊतींचे नमुने घ्यावे लागतात आणि प्रयोगशाळेला स्पष्ट लिहून द्यावे लागते की कल्चर दोन आठवडे ठेवा. नेहमीच्या पद्धतीत काही दिवसांतच 'काही उगवले नाही' असा रिपोर्ट येतो, आणि हा जंतू त्यानंतर उगवतो. तालुक्याच्या डॉक्टरांना या पुस्तकातले एकच प्रकरण वाचायला वेळ असेल, तर हे वाचावे.

एका बाबतीत माझा लेखकाशी मतभेद आहे. प्रत्येकाचे वर्षाला हाडांच्या घनतेचे मोजमाप आणि दोन वर्षांनी सीटी, अशी शिफारस त्याने केली आहे. ऑपरेशनच्या आधी घनता मोजावी, ड जीवनसत्त्व पाहावे, ठिसूळपणावर उपचार सुरू करावेत, हे मान्य. पण नंतरच्या पाठपुराव्यासाठी साधा एक्स-रे पुरतो. अट एवढीच की तो नीट काढलेला असावा. खवाटा अंगाच्या सरळ रेषेत नसतो, तो ३० ते ४५ अंश पुढे वळलेला असतो. रुग्णाला समोर सरळ उभे करून काढलेल्या एक्स-रेवर वाटी तिरकी येते आणि रेघ असली तरी झाकली जाते. टेक्निशियनने रुग्णाला तेवढे वळवून उभे केले पाहिजे, हाताची स्थिती दर वेळी सारखी ठेवली पाहिजे. हात आत वळवून काढलेल्या फिल्मवर बाहेरचा उंचवटा दिसतच नाही, मग तो विरघळला असे वाटते. सीटी त्यांच्यासाठी ठेवावा ज्यांच्या एक्स-रेवर बदल वाढताना दिसतो. खेड्यातल्या रुग्णाला न परवडणारी शिफारस केली की तो परवडणारी तपासणीही सोडून देतो, हा आपला जुना अनुभव.

ऑस्ट्रेलियात सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही १९९९ पासून आहे, ब्रिटनची २००३ पासून, तिच्यात खांदे २०१२ पासून. त्यांच्यामुळे कुठला सांधा किती टिकला हे कळते. पण नोंदवही मोजते ते पुन्हा झालेले ऑपरेशन. ज्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचा सांधा सैल झाला आणि त्यांनी 'आता पुरे' म्हणून सोडून दिले, ते तिथे यशस्वी म्हणून जमा होतात. हाडाचे बदल नोंदवहीत दिसत नाहीत. ते दिसतात फिल्मवर, आणि तेही जुनी फिल्म जपली असेल तरच.

आपल्याकडे नेमकी तीच जपली जात नाही. तपकिरी पाकिटातल्या फिल्म कपाटामागे दोन पावसाळे राहिल्या की एकमेकींना चिकटतात. हल्ली फिल्मऐवजी मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. त्यावर तिरका उजेड असतो, माप हरवलेले असते, आणि एक मिलिमीटरची रेघ अडीचची झाली का हे सांगणे अशक्य होते. मुंबई-पुण्यात ऑपरेशन करून गेलेला माणूस वर्षभर बरा असला की परत येत नाही, आणि आला की बिघडल्यावरच येतो.

म्हणून वाचकाला एक विनंती. तुमचा किंवा तुमच्या घरच्या कुणाचा खांदा बदलला असेल तर तीन गोष्टी एका कोरड्या फाइलमध्ये ठेवा: ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतला एक्स-रे, शक्यतो सीडी किंवा मूळ डिजिटल फाइलसकट, डिस्चार्ज कार्ड, आणि इम्प्लांटच्या खोक्यातले स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. ते केसपेपरवर चिकटवलेले असतात. त्याची झेरॉक्स मागून घ्या. मग दुखत नसले तरी दर वर्षा-दोन वर्षांनी एक एक्स-रे काढा, आणि डॉक्टरांकडे जाताना नव्या एक्स-रेबरोबर पहिलाही घेऊन जा.